चाळीसच्या पुढचं माप

आमच्या घरात चांगला फोन एकच आहे आणि तो यजमानांच्या खिशात असतो. दुपारी जेवून ते आडवे झाले की तो माझ्या हातात येतो. गेल्या दिवाळीनंतर त्यावर मी लोकरीच्या स्वेटरचे नमुने शोधायला लागले. शोधायचं म्हणजे 'बायकांचे मोठ्या मापाचे स्वेटर' असं लिहावं लागायचं. पहिल्यांदा तेवढे शब्द लिहितानाही मी एकदा दाराकडे बघून घेतलं होतं.

थोड्याच दिवसांत फोनला माझं सगळं कळलं. यजमान टोमॅटोचा बाजारभाव बघायला फोन उघडायचे, तर भावाच्या वर पोट कमी करायचा चहा आणि खाली कमरेला बांधायचा पट्टा. एकदा ओट्यावर चार माणसं बसलेली असताना त्यांनी तिथूनच विचारलं, "हे काय येतंय गं सारखं? एका महिन्यात दहा किलो. कशाचं दहा किलो?"

शेजारचे भाऊ म्हणाले, "फोन सगळं ऐकत असतो राव. तुमच्या पोटाचा आवाज गेला असंल त्याच्यापत्तूर."

ओट्यावर मोठा हशा झाला. यजमानही आपल्या पोटावर हात फिरवत हसले. मी आत कणीक तिंबत होते. जाहिराती आपल्यासाठीच येतात असं त्यांनी धरून घेतलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

आमच्या घरात शेताची आकडेमोड माझ्याकडे असते. मी बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि आकड्यांची मला आवड आहे. फवारणीला औषध किती, ठिबकमधून खत किती सोडायचं, हे मी कागद न घेता सांगते. राजुरीत आमच्या आळीतले दोघे-तिघे मला विचारूनच टाकी भरतात. पाण्याचे लिटर, गाईंचं दूध, औषधाचे मिली, सगळे आकडे मी मोठ्याने सांगते. फक्त एक आकडा असा होता, की तो मी स्वतःलाही कधी सांगितला नव्हता.

विणायला मी आईकडून शिकले. लोकांसाठी पुष्कळ विणलं. दीर, नणंदा, त्यांची मुलं, सगळ्यांच्या अंगावर माझा स्वेटर कधी ना कधी आलेला आहे. स्वतःसाठी कधी विणला नाही. थंडीत मी यजमानांचा जुना स्वेटर घालते. त्याची बटणं मला लागत नाहीत, म्हणून वरून पदर ओढून घेते. मुलीच्या लग्नात, ऐन थंडीत, मी तोच घातला होता. अल्बममध्ये एक फोटो आहे. मी मुलीच्या कपाळाला अक्षता लावायला वाकले आहे, पदर सरकला आहे, आणि स्वेटरच्या दोन कडा एकमेकींपासून वीतभर लांब आहेत. तो फोटो मुलीच्या सासरीही आहे. तिकडे निरगुडसरला कोणी पाहुणे आले की अल्बम बाहेर निघतो, हे मुलीनेच मला सहज सांगितलं होतं.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला सासरी पोचवायला संक्रांतीच्या आधी जायचं ठरलं. पोचवायला जाताना आमच्याकडे बाळंतविडा न्यायचा असतो. बाळाची झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, लोकरीचे मोजे, असं सगळं आजोळहून हाताने केलेलं. तिकडच्या बायका ते परातीत मांडतात, एकेक उचलून उलटं करून बघतात. त्याची मला चिंता नव्हती. माझे टाके उलट्या बाजूनेही बघण्यासारखे असतात. चिंता होती ती परातीशेजारी बसलेल्या माझी.

आणि आता त्यात एक भर पडली होती. डिंकाचे लाडू, खीर, तूप, शेक-शेगडी या सगळ्यात मुलीने अंग धरलं होतं. तिचे लग्नाआधीचे ड्रेस तिला होत नव्हते. एक दिवस तिने कपाट उघडलं, एक कुर्ता अंगाला लावून बघितला आणि परत घडी घालून ठेवला. ती घडी घालण्याची पद्धत मी ओळखली. माझीच होती. तेव्हाच मी ठरवलं, की निरगुडसरला मी अंगाला नीट बसणारा, बटणं लागणारा स्वेटर घालून जाणार. माझ्याकडे बघून माझ्या मुलीला कोणी बोलावं, एवढं निमित्त मला कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

नारायणगावला लोकरीचं दुकान आहे, तिथे नमुन्यांची पुस्तकंही मिळतात. मी सगळी चाळली. मुलांचे पानोपान होते. बायकांचे बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. एका पुस्तकात चाळीस होतं आणि तिथे पुस्तक संपत होतं. दुकानदाराने विचारलं, "ताई, कुणासाठी बघताय?"

"मिस्टरांसाठी," मी म्हणाले.

"मग लेडीज कशाला बघताय? जेन्ट्समधी चव्वेचाळीस पत्तूर हाय."

मी म्हणाले, "विण आवडली."

मागे एक ओळखीच्या बाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे नव्हे, माझ्या पोटाकडे बघून हसल्या. मी ते चाळीसचं पुस्तक घेतलं, लोकर घेतली आणि बाहेर पडले. थोडं चालल्यावर लक्षात आलं, की रंग मी निवडलाच नव्हता. हाताशी आली ती राखाडी उचलली होती.

फोनवर हिंदीतले व्हिडिओ पुष्कळ होते. एक बाई फार गोड बोलायची. "अगर आप थोड़ी हेल्दी हैं, तो दस फंदे बढ़ा लीजिए." दहा टाक्यांत माझ्या हाताने दोन इंचसुद्धा भरत नाहीत. परदेशातल्या साइटवर मात्र माझ्यासारख्या बायकांचे फोटो होते. त्या बागेत उभ्या राहून हसत होत्या, कोणी हात वर केलेले, कोणी कमरेवर ठेवलेले. मापाच्या जागी इंग्रजी एक्स हे अक्षर एकापुढे एक लिहिलेलं. किती एक्सवर मी बसते हे मला कळेना, आणि त्यांच्या सूचना तर सगळ्या आखूड केलेल्या इंग्रजी अक्षरांत. मुलीला विचारलं असतं तर तिने समजावून दिलं असतं. पण मग कोणासाठी ते सांगावं लागलं असतं.

मग मला जे येतं ते मी केलं. दुपारी सगळे झोपलेले असताना न्हाणीचं दार लावून लोकरीचा एक धागा छातीभोवती फिरवला आणि जिथे जुळला तिथे गाठ मारली. बाहेर येऊन तो धागा टेपला लावला. आकडा बघितला आणि धागा बंबात टाकला. आता चाळीसच्या मापाला किती टाके हे पुस्तकात होतंच. चाळीसला एवढे, तर माझ्या मापाला किती? शंभर लिटरला औषध किती हे माहीत असलं की सहाशे लिटरच्या टाकीला त्याच्या सहापट. पाठीचे टाके, पुढच्या दोन भागांचे, मुंढ्याचे, गळ्याचे, बाहीचे, बाहीच्या ओळी, सगळ्याला मी तेच प्रमाण लावलं. उत्तरं इथे लिहीत नाही, कारण ज्याला गणित येतं तो त्यावरून उलट जाऊन माझं माप काढील.

गणितात चूक नव्हती. मी दोनदा ताळा केला होता.

बाह्या विणताना त्या लांब होताहेत हे मला दिसत होतं. पण वाटलं, दंड जाड आहेत, लांबी त्यात जाईल. अंगाला लावून बघायचं तर मुलगी समोर असायची. तिने एकदा विचारलं, "बाबांना करतेस का गं?" मी हूं म्हटलं. शिवण घालून झाल्यावर स्वेटर घडी करून ट्रंकेत ठेवला. आरशासमोर तो घालून बघण्यापेक्षा गणितावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी राहिली. ड्रायव्हर घाई करत होता, कारण उसाच्या पट्ट्यातून दिवस मावळायच्या आत त्याला परत यायचं होतं. बिबट्या दिसल्याला फार दिवस झाले नव्हते. मी आतल्या खोलीत ट्रंकेतला स्वेटर काढला आणि घातला. गळा एका खांद्यावरून खाली आला. दुसऱ्या बाजूने ओढला तर या बाजूने आला. खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर लोंबत होती. बाह्यांतून माझी बोटंही दिसत नव्हती. आणि जिथे मला रुंदी हवी होती तिथे, पोटावर, बटणं लागली खरी, पण ताणून.

मुलगी बाळाला घेऊन दारात आली. "आई, हा तुझा आहे?"

मी बाह्या वर ओढत राहिले. तिने बाळाला पलंगावर ठेवलं, माझ्या बाह्या दोनदा दुमडल्या, गळ्याला मागून चिमटा घेऊन सेफ्टी पिन लावली. लहान मुलीचं आवरतात तसं तिने माझं आवरलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे मला जास्त लागलं. यजमानांचा तो जुना स्वेटर आज यजमानांच्याच अंगावर होता आणि बाहेर हाडात शिरणारा गारठा होता. मी तशीच जीपमध्ये बसले.

निरगुडसरला दारात मुलीवरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळला. माझी विहीण म्हणजे मोठ्या आवाजाची, मोठ्या अंगाची बाई. बाळाला तिने असं उचललं, की बाळ तिच्या छातीवर दिसेनासं झालं. बाळंतविडा मांडला. बायकांनी टोपडी उलटी केली, मोज्यांच्या टाचा बघितल्या. "लई बारीक हात हाय विहीणबाईंचा," कोणीतरी म्हणालं. मी मान खाली घालून बसले होते. मान हलली की पिन टोचत होती.

विहिणीची मोठी नणंद कोपऱ्यात पाटावर बसली होती. तिने एक कुंची हातात घेतली, मग माझ्याकडे बघितलं. "बाळाचं तंतोतंत मापात विणलंय की. आन सवताचं व्हय असं? कुणाचं घालून आलाय, पावण्यांचं का काय?"

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. एवढ्यावर संपलं असतं तर चाललं असतं. पण तिची नजर माझ्या मुलीकडे वळली. "पोरगी बी आता आईच्याच वळणावर निघाली. तीन महिन्यात केवढी फुगली बघा."

माझी मुलगी बाळाचं दुपटं नीट करत होती. ते आधीच नीट होतं. ती परत परत तेच टोक आत खोचत राहिली. जी गोष्ट होऊ नये म्हणून मी दिवाळीपासून सुया चालवल्या, ती माझ्याच स्वेटरपासून सुरू होऊन तिच्यापर्यंत पोचली होती.

"वन्सं," विहीण म्हणाली, "वळणाचं काय घेऊन बसलात? आपल्या घरात बारीक कोण हाय? मला तर बाजारात एक स्वेटर मावत न्हाई. हे बघा." आणि तिने सगळ्यांसमोर उजवा हात वर केला.

तिचा स्वेटर तपकिरी-लाल होता आणि काखेपासून खालच्या पट्टीपर्यंत दोन्ही बगलांना चॉकलेटी रंगाच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. "मंचरच्या बाजारातनं दोन घेतली. एक उसवून दुसऱ्याच्या बगलेत घातलं. एका रंगाची मिळाली न्हाईत तर न्हाईत. बगल कोण बघतंय?"

पुन्हा हशा झाला, आणि तो आता तिचा होता. नणंदेने कुंची परातीत परत ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण मी बघत होते ते तिच्या गळ्याकडे. गळा मानेला बसलेला. खांद्याची शिवण खांद्यावर. बाही मनगटाशी. म्हणजे वरचा सगळा स्वेटर साध्या मापाचा होता आणि वाढ फक्त बगलेत घातलेली होती. माझी मान चाळीसवाल्या बाईच्या मानेपेक्षा फार जाड नाही. माझे हात तिच्या हातांपेक्षा लांब नाहीत. औषध सगळ्या टाकीत सारखं मिसळतं. माणूस सगळीकडून सारखा वाढत नाही. पुस्तकात, फोनवर, एक्सच्या रांगांत मी जो नमुना शोधत होते तो समोर होता. तेवढ्यात तिने हात खाली घेतला.

पट्टी काखेत किती रुंद आहे आणि खाली किती, ते मला नीट दिसलं नव्हतं. विचारायचं कसं? तुमचं अंग आणि माझं अंग एका मापाचं आहे, असंच म्हटल्यासारखं होणार होतं. स्वयंपाकघरात गेल्यावर मी तिला म्हणाले, "साखर संपलीय वाटतं." तिने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला. मी वाकून बघितलं. अर्धंच दिसलं. थोड्या वेळाने मी म्हणाले, "वेलदोडे असतील तर..." तिने पुन्हा हात उचलला आणि तो तसाच वर ठेवून माझ्याकडे वळली.

"विहीणबाई, माझ्या काखेत काय बघताय?"

दारात माझी मुलगी उभी होती. माझे कान तापले. मला तिथून उठून जीपमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. खोटं सुचलं असतं तर मी तेही बोलले असते.

"पट्टी," मी म्हणाले. "केवढी घातलीय ते. मला... माझ्यासाठी पाहिजे होतं."

तिने डबा खाली ठेवला, स्वेटर डोक्यातून काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "मग सांगायचं न्हाई का? मला वाटलं माझं ब्लाऊज उसवलंय."

स्वेटर अजून तिच्या अंगाने गरम होता. मी तो उलटा केला. वर काखेत चार बोटं, खाली पट्टीशी वीत आणि दोन बोटं. काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला, सदऱ्याला चौबगला असतो तसा. टेप नव्हता, म्हणून मी बोटांनी मोजत होते आणि मान वर करत नव्हते. ती चहा ढवळत होती. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती आणि माझ्या खांद्यावरून बघत होती. मी तिला बाजूला हो म्हणणार होते. म्हणाले नाही.

घरी येऊन मी राखाडी स्वेटर पूर्ण उसवला. उसवलेली लोकर वाफेवर धरून सरळ केली. मग गळा, खांदे, बाही पुस्तकातल्या चाळीसच्या मापाने, आणि बगलेत वर अरुंद, खाली रुंद होत जाणारी पट्टी. मोठ्या बाईचा नमुना कुठे मिळतो असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगीन, की दुसऱ्या मोठ्या बाईकडे. फक्त तो विचारायला तोंड उघडावं लागतं.

या वेळी मी प्रत्येक भाग अंगाला लावून बघितला, आरशासमोर, दार लावून. स्वेटर बसला. बटणं न ताणता लागली. तो घालून मी पहिल्यांदा गोठ्यात गेले, कारण तिथे गाईंशिवाय कोणी नव्हतं.

काही दिवसांनी तिन्हीसांजेला मुलीचा फोन आला. यजमान टीव्ही बघत होते. त्यांनी फोन स्पीकरवर लावून माझ्याजवळ ठेवला, कारण माझे हात पिठात होते.

"आई, मला पण स्वेटर करून दे. तुझ्यासारखाच, बगलेत पट्टी घालून."

मी पीठ मळता मळता म्हणाले, "माप मेसेज कर."

"मेसेज कशाला? लिही ना. माझी छाती त्रेचाळीस. पोट नीट मोजलं नाहीये अजून. तुझी छाती किती आहे? म्हणजे त्यावरून पट्टी काढता येईल."

मी टीव्हीकडे बघितलं. "नंतर सांगते," मी हळू आवाजात म्हणाले.

"का? बाबा आहेत का तिथे?"

मी नुसतं हूं म्हटलं. मग ती म्हणाली, "मी पण हळू बोलायला पाहिजे होतं का?"

त्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा आकडा सांगणं बरं, असं मला वाटलं. कपाट उघडून कुर्त्याची घडी घालणारी ती मला दिसत होती.

"बावन्न," मी म्हणाले. हळू नाही, दुधाचे लिटर सांगते तसं.

यजमानांनी मान वळवली नाही. पण टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केलेला होता, हे मला तेव्हा कळलं. माझ्या कानांच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात तो आकडा त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आला होता.

फोनमधून भांड्यांचा आवाज आला आणि त्याच्या वरून विहिणीचा. "माझी चोपन्न हाय म्हणावं! लिहून घ्या विहीणबाई. एका रंगात करा पण माझं."

मुलगी हसली. मी पिठाच्या हाताने पेन शोधू लागले. यजमानांनी खिशातलं काढून पुढे केलं, माझ्याकडे न बघता. मी कॅलेंडरच्या मागे त्रेचाळीस लिहिलं, चोपन्न लिहिलं. बावन्न लिहायची गरज नव्हती, तो माझ्या लक्षात होता. तरी लिहिला. मग कॅलेंडर पुन्हा भिंतीवर अडकवलं, आकड्यांची बाजू भिंतीकडे करून.